लग्नाचा शालू आणि विणणाऱ्याची मजुरी

(महिला अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



लग्नाची तिथी ठरली की कामगाराच्या घरातही पहिला हिशेब कापडाचा होतो. शालू खरा असावा, अंगावर नीट बसावा आणि ऐपतीबाहेर जाऊ नये, एवढीच आईची इच्छा असते. अलीकडे शिकलेल्या मुली आणखी एक प्रश्न विचारू लागल्या आहेत : ज्याने हा शालू विणला त्याच्या पदरात काय पडले? हा श्रीमंती चोचल्यांचा प्रश्न आहे असे समजून कार्यकर्ते पुष्कळदा तो हसण्यावारी नेतात. हे बरोबर नाही. मार्क्सने तो हसण्यावारी नेला नव्हता.

‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावरील प्रकरण आहे. त्यात मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या शिवणकामगार मुलीची हकिकत आली आहे. जून १८६३च्या अखेरच्या आठवड्यात लंडनच्या दैनिकांनी ती छापली होती. इंग्लंडच्या युवराजाचे नुकतेच लग्न झाले होते, नव्या युवराज्ञीच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ ठरला होता आणि निमंत्रित सरदारस्त्रियांना उंची पोशाख तातडीने हवे होते. वॉकलीने इतर साठ मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास शिवण केली. एकेका खोलीत तीस-तीस मुली, आणि हवा गरजेच्या जेमतेम एक तृतीयांश. शुक्रवारी ती आजारी पडली, रविवारी मेली. हातातले काम पुरे न करता ती मेली याचेच मालकिणीला नवल वाटले, असे मार्क्स उपहासाने नोंदवतो. कोंदट खोलीतील दीर्घ श्रमांनी तिचा बळी घेतला, अशी साक्ष डॉक्टरने दिली. पंचांनी मात्र झटक्याने मृत्यू असा निर्णय दिला आणि अतिश्रमाची शंका तेवढी त्याला जोडली.

हे दुकान काही गल्लीतले स्वस्त दुकान नव्हते. तेथील गिऱ्हाईक भरपूर दाम मोजीत होते. जास्त किंमत दिली म्हणजे कारागिराला जास्त मिळाले, ही समजूत तेव्हाही खोटी होती आणि आजही खोटीच आहे.

बनारसचेच पाहा. मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांत प्रामुख्याने अन्सारी विणकरांची वस्ती आहे. विणकर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये गिरस्ता म्हणजे विणकरांना काम वाटणारा मोठा विणकर, त्याच्यावर चौकातला गद्दीदार, त्याच्यापुढे परगावचा व्यापारी आणि शेवटी शहरातले शोरूम. विणीत दोष निघाला, माल उशिरा आला, की गद्दीवर मजुरीतून रक्कम कापतात. त्याला तेथे ‘कटौती’ म्हणतात. दोष ठरवणारा आणि पैसे कापणारा एकच, हे सांगायला नकोच. घरातील स्त्रिया नऱ्या भरतात, पाठीमागचे सुटे धागे कापतात. त्यांच्या श्रमाचे मोल हिशेबात बहुधा विणकराच्या नावाखालीच विरून जाते.

२०१९-२०च्या चौथ्या हातमाग गणनेत देशभर सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आढळले. १९९५च्या गणनेत ते ६५ लाखांहून अधिक होते. २०१९-२०च्या गणनेत विणकरांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या आणि जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत होते. एका शालूची शहरातील किंमत या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला. यंत्रमागमालकांनी त्याला आव्हान दिले, पण १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. तरीही यंत्रमागावरची नक्कल हातमागाच्या नावाने राजरोस विकली जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. भिवंडी, मालेगाव, सुरत येथे बारा-बारा तासांच्या पाळीत यंत्रमाग चालवणारा कामगार हा काही हातमाग विणकराचा शत्रू नव्हे. ऐपत नसेल तर यंत्रमागाची साडी यंत्रमागाची म्हणून घेण्यात कमीपणा कसला? फसवणूक आहे ती खोटे नाव लावून हातमागाचा भाव उकळणाऱ्याची.

मग ओळखावे कसे? येवल्याची अस्सल पैठणी उलटून पाहावी. पदरावरचा मोर पाठीमागेही जवळपास तसाच दिसतो, मोकळे धागे लोंबत नाहीत. बनारसी कढुआ विणीत प्रत्येक बुट्टा वेगळा विणलेला असल्याने पाठ साफ असते. फेकुआ विणीत मात्र धागे मागून कापलेले असतात, आणि ती हातमागावरचीही असू शकते, म्हणून केवळ कापलेल्या धाग्यांवरून माल खोटा ठरवू नये. काठाजवळ कापडाचा पन्हा ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टाचण्यांची बारीक भोके दिसतात का पाहावे. २००६पासून हातमागाच्या मालाला ‘हँडलूम मार्क’ मिळतो, तोही विचारावा. ही चिठ्ठी कापड हातमागाचे आहे एवढेच सांगते. मजुरी किती दिली, हे कोणतीच चिठ्ठी सांगत नाही. ते दुकानदाराला तोंडाने विचारावे लागते. सहकारी संस्थेच्या दुकानात निदान विचारायला जागा असते. तमिळनाडूची को-ऑप्टेक्स ही हातमाग विणकरांची सहकारी संस्था १९३५पासून उभी आहे. अर्थात संस्था कागदावर सहकारी आणि व्यवहारात चार जणांची, असे प्रकार घडतातच.

शालू निभावला तरी परकराचे सूत आणि पाहुण्यांचे तयार कपडे उरतातच. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना वर्षानुवर्षे चालत आली. सुमंगली म्हणजे सौभाग्यवती. खेड्यातल्या गरीब मुलींना साधारण तीन वर्षांच्या कराराने आणून वसतिगृहात ठेवायचे, तुटपुंज्या रोजावर राबवायचे आणि मुदत पुरी झाल्यावर लग्नासाठी एकरकमी पैसे देण्याचे आश्वासन द्यायचे. मध्येच आजारी पडून घरी गेलेल्या मुलीची रक्कम पुष्कळदा बुडाली. स्वतःच्या लग्नासाठी तिने कातलेले सूत दुसरीच्या लग्नात मिरवले.

आता शिवणीबद्दल. तयार चोळी ठराविक मापाची असते, बाई ठराविक मापाची नसते. शालूबरोबर आलेल्या कापडाची चोळी ओळखीच्या शिंप्याकडून किंवा वस्तीतील शिवणकाम करणाऱ्या बाईकडून शिवून घेणे कधीही चांगले. मुंढा, छाती, बाहीचा घेर आणि गळ्याची खोली ही मापे अंगावरच घ्यावीत, जुन्या चोळीवरून नव्हे. अस्तर आधी धुऊन आटवून घ्यावे. शिवणीत बोटभर माया ठेवायला सांगावी, म्हणजे दोन वर्षांनी चोळी उसवून सैल करता येते. बेतणी झाल्यावर कच्च्या टाक्यांवर एकदा अंगाला लावून पाहावे.

आणि हे सारे दीड-दोन महिने आधी करावे. लग्नसराईत ‘उद्याच हवी’ म्हणून टाकलेल्या चोळीसाठी दुकानदार जादा पैसे घेतो. हुक, काजे आणि फॉल-बीडिंग करणारी बाई मात्र तेच काम नेहमीच्या तुकडादराने रात्री दोनपर्यंत जागून करते. शिलाई ठरवताना तिच्या हाताला किती पडणार, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.