फसवलेल्या माणसाची उलटतपासणी थांबवा





कोल्हापुरातल्या या परिषदेत सायबर फसवणुकीवर बोलायचं तर कॉसमॉस बँकेचं नाव घ्यावंच लागतं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या या सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी एटीएमच्या खऱ्या स्विचला बगल देऊन स्वतःचा बनावट स्विच उभा केला. कुठेतरी कोणीतरी कार्ड सरकवायचं आणि ‘पैसे द्या’ हा होकार बँकेच्या नावाने चोरच द्यायचे. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रक्कम निघाली. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या मार्गाने आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक. बनावट कार्डं घेऊन पैसे काढणारी माणसं कोल्हापुरातल्या एटीएमवरही आली होती. विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

बँक फसली तेव्हा आपण तिला फिर्यादी मानलं, तिच्या बाजूने यंत्रणा कामाला लावली. योग्यच झालं ते. पण एकटा माणूस फसतो तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागतो?

माझ्या ऑफिसात एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांना आधी फोन आला, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. तुमच्या आधार क्रमांकावर खातं उघडून काळा पैसा फिरवलाय, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेरा बंद केलात तर घरी पोलीस पाठवू. दोन दिवस बाई त्या पडद्यासमोर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि अठरा लाख आरटीजीएसने पाठवले. काउंटरवर त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही की बाई, एवढी घाई कशासाठी?

त्यानंतर नऊ दिवस त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नाही. मुलाला कळलं तेव्हा त्याने घाबरून आधी आईचा फोन फॉरमॅट केला. मग ठाण्यात गेल्या, तर पहिला प्रश्न, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ दुसरा, ‘शिकलेल्या आहात ना तुम्ही?’ आणि शेवटी, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’

आपल्या फौजदारी कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचं काही नाही. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करता येत नाही. हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण आयुष्यात कधी ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसाला कायद्याचीच भीती घातली जाते. त्याचा गुन्हा काय, तर त्याचा कायद्यावर विश्वास आहे. म्हणून ‘पैसे तुम्हीच पाठवलेत’ हे वाक्य मला वकील म्हणून मान्य नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो की धाक दाखवून किंवा फसवून मिळवलेली संमती ही मुक्त संमती नव्हे. दीडशे वर्षं आपण हे तत्त्व जमिनीच्या दाव्यांत वापरत आलो. बँक खात्याचा प्रश्न आला की आपल्याला त्याचा विसर का पडावा?

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक चांगलं आहे. तिसऱ्याच कोणी यंत्रणेत घुसून खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीही बोजा नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवर आहे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले. पण त्यात ग्राहकाचा निष्काळजीपणा हा अपवाद आहे, आणि त्याच फटीतून बहुतेक दावे बाहेर फेकले जातात. ओटीपी सांगितला, निष्काळजीपणा. लिंक उघडली, निष्काळजीपणा. धाकाखाली स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, तर ‘अनधिकृत व्यवहार’ या व्याख्येतच तो बसत नाही.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. फसून स्वतः पाठवलेली रक्कमही ८५ हजार पौंडांपर्यंत ग्राहकाला परत करणं ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या बँकांवर बंधनकारक आहे. भरपाईचा निम्मा भार पैसे पाठवणारी बँक उचलते, निम्मा पैसे स्वीकारणारी. मला यातला दुसरा निम्मा भाग फार मोलाचा वाटतो. चोराचं खातं ज्या बँकेने उघडलं, तिच्या खिशाला झळ बसल्याशिवाय भाड्याने दिली जाणारी खाती बंद होणार नाहीत. आपल्या गावागावांतली कॉलेजची पोरं चार-पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतात. वकील म्हणून त्यांचे जामीन अर्ज आपणच लिहितो. त्यांच्या कॉलेजात जाऊन हे आधी सांगणंही आपलंच काम आहे.

शिक्षा वाढवा, अशी मागणी प्रत्येक परिषदेत होते. मी ती करणार नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ओळख चोरण्यासाठी कलम ६६ सी आहे, संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ डी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि कलम १११ ने सायबर गुन्ह्याला संघटित गुन्हेगारीत घातलं आहे. कायद्याला दात आहेत. शिवाय सैल शब्दांत लिहिलेला कडक कायदा किती वाईट ठरतो, हे महाराष्ट्राने पालघरमध्ये पाहिलं आहे. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी दोन मुलींना त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ए खाली अटक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतरही कित्येक ठाण्यांत ते कलम लावलं जात राहिलं.

कमी पडतो तो वेळ. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार गेली की ती रक्कम ज्या खात्यात पोचली तिथे गोठवता येते, पण ती अजून तिथे असली तर. तासाभरात ती चार-सहा खात्यांत वाटली जाते, मग रोखीत निघते. २०२४ या एका वर्षात देशातल्या नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये अशा फसवणुकीत गेले, असं केंद्र सरकारनेच संसदेत सांगितलं. त्यातले किती रुपये केवळ लाजेपायी उशीर झाल्यामुळे गेले असतील, याचा विचार करून मला झोप लागत नाही. त्या शिक्षिकाबाईंनी नऊ दिवस दवडले ते ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने. आणि लोक म्हणजे आपणच, ठाण्यात, बँकेत, घरात.

पोलीस मित्रांच्या अडचणी मला माहीत आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला तपास करता येत नाही. ठाण्यातला तपासाचा गाडा ओढतात उपनिरीक्षक आणि सहायक निरीक्षक. ही अट बदलायला हवी आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी बोलायला हवं. पण हद्दीचं कारण आता चालणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायला सांगितलं आहे. ऑनलाइन दिलेली माहितीही घ्यायची, तीन दिवसांत तक्रारदाराची सही झाली की झालं.

तरुण वकिलांना दोन गोष्टी सांगतो. पक्षकार आला की आधी विचारा, १९३० ला फोन केला का? नसेल तर तुमच्यासमोर करायला लावा, वकालतनामा नंतर. आणि फोनला कोणाला हात लावू देऊ नका, पुरावा त्यातच असतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राला हॅश व्हॅल्यू जोडावी लागते, नुसता स्क्रीनशॉट छापून भागत नाही. गोठवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. हजारो लोकांना असा अर्ज करता येतो हेच माहीत नाही. लहान रकमांच्या अर्जाला फी घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील. त्यात दोन ठराव असावेत अशी माझी इच्छा आहे. पहिला, फसून पाठवलेल्या पैशांच्या सक्तीच्या भरपाईची आणि ती दोन्ही बँकांनी वाटून देण्याची मागणी रिझर्व्ह बँकेकडे करण्याचा. दुसरा, प्रत्येक तालुका वकील संघाने न्यायालयाच्या आवारात रोज एक तास एक वकील अशा तक्रारदारांसाठी विनामूल्य बसवण्याचा. माझ्या तालुक्यात तो तास येत्या सोमवारपासून मी बसणार आहे. तुमच्या तालुक्यात कोण बसणार, ते नाव आज इथून जाण्यापूर्वी लिहून द्या.