'चौरस' राहून गेला

कवीनं गणितावर बोलावं हे जरा चमत्कारिकच. मी बी.ए. केलं, ते गणितापासून सुटका झाली या आनंदात. पण शास्त्राच्या शब्दांनी काही माझा पिच्छा सोडला नाही.

नांदेडच्या एका कविसंमेलनात मी एक प्रेमकविता वाचली होती. कितीतरी प्रकाशवर्षं मी तुझी वाट पाहतो आहे, असं काहीसं तिच्यात होतं. टाळ्या पडल्या, 'वाहवा' झाली. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी आईचा हात सोडून माझ्यापाशी आली. म्हणाली, "काका, प्रकाशवर्ष म्हणजे अंतर असतं. वेळ नसते." आईनं तिला दटावलं. मीही मोठेपणानं म्हणालो, "कवितेत चालतं, बेटा." घरी जाताना रिक्षात मात्र मला ते चालेना. प्रकाश एका वर्षात जेवढं जातो, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, तेवढं ते अंतर. म्हणजे मी प्रेयसीला भर सभेत सांगत होतो, 'मी चार मैल तुझी वाट पाहिली!' ती ओळ मी पुढं बदलली. बदलल्यावर कविता पहिल्याइतकी चांगली राहिली नाही, हेही कबूल करतो.

ही खोड माझी लहानपणापासूनची. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. घरी हिशेब चालायचे ते 'जमा', 'तफरीक', 'जरब', 'तकसीम' या भाषेत. जरब म्हणजे गुणाकार. मी मराठी शाळेत गेलो. गुरुजींनी विचारलं, "बारा आणि आठाचं काय केलंस?" मी ताठ उभं राहून सांगितलं, "गुरुजी, जरब दिली." मराठीत जरब म्हणजे धाक. वर्ग हसून लोळला. गुरुजी म्हणाले, "या वर्गात जरब फक्त मी बसवतो." पुढं कितीतरी दिवस पोरं मला 'जरब' म्हणूनच हाक मारत होती.

मोठं झाल्यावर कळलं, की असं आपलं एकट्याचंच होत नाही. कॉलेजातली पोरं ज्याला 'साइन' म्हणतात, त्या शब्दाची गोष्ट ऐका. आपल्याकडे आर्यभटाच्या गणितात तो शब्द होता 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. तिचंच दुसरं नाव 'जीवा'. अरबांनी आपलं गणित घेतलं, त्याबरोबर शब्दही घेतला आणि त्याचा केला 'जीब'. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात. पुढच्या वाचणाऱ्यांना 'जीब' शब्दाचा काही अर्थ लागेना, म्हणून त्यांनी तो वाचला 'जैब'. जैब म्हणजे कपड्याची छातीवरची घडी, खिसा. उर्दूतलं आपलं 'जेब' तेच. बाराव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी अरबी पुस्तकं लॅटिनमध्ये नेली. त्यांनी त्या घडीसाठी आपला लॅटिन शब्द ठेवला, सायनस. त्याचंच साइन झालं. दोरीचा खिसा झाला आणि सगळं जग आज तो खिसा घेऊन त्रिकोणमिती शिकतं! उर्दूच्या जुन्या पुस्तकांत तर तो सरळ 'जैब' म्हणूनच आहे. मला या चुकीचा फार लोभ आहे. संस्कृत, अरबी, लॅटिन अशा तीन भाषांनी मिळून केलेली ती चूक आहे, आणि तिच्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

मराठीनंही गोंधळाला हातभार लावलेला आहेच. बारा आणि अठरा यांचा 'महत्तम' येतो ६ आणि 'लघुत्तम' येतो ३६. लघु मोठा आणि महान लहान! ज्या पोराला हे खटकत नाही, त्याचं नीट लक्ष नाही असं समजावं.

पण सगळ्याच चुका अशा हसण्यावारी जात नाहीत. लातूर-नांदेड म्हणजे परीक्षांची गावं. २०१९ पासून सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागला. आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्या भावानं पोराला ९० आले म्हणून पेढे वाटले. नव्वद टक्के, असं सांगत तो दारोदार फिरला. मनासारख्या कॉलेजचा दरवाजा काही उघडेना, तेव्हा त्याला वाटलं पोरानं खोटं सांगितलं. दोन महिने बापलेकांत बोलणं नव्हतं. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्वद मार्क नव्हेत. तीन लाख पोरं परीक्षेला बसली असतील, तर त्यातली तीसेक हजार अजून तुमच्या पुढं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे त्या बापाला आधी कुणी सांगितलंच नाही. पेढे खाणाऱ्या आम्हीसुद्धा नाही.

पाण्याचंही तेच. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की चहाच्या टपरीवर जो तो क्युसेकमध्ये बोलतो. "धरणात पन्नास हजार क्युसेक पाणी आहे" असं छातीठोकपणे सांगतो. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट. साठा मोजायचा तो टीएमसीत, म्हणजे शंभर कोटी घनफुटांत. ११,५७४ क्युसेकनं पाणी चोवीस तास वाहिलं, की एक टीएमसी होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आकडा ऐकून डोळे दिपायचे. पण २०११ च्या जनगणनेत लातूरची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. वाटून बघा, माणशी तांब्याभर पाणी आलं. पुढं पन्नास वाघिणींची गाडी झाली, पंचवीस लाख लिटरची. अशी गाडी रोज, एकही खाडा न करता आली, तरी एक टीएमसी पाणी आणायला एकतीस वर्षं लागतील. आणि आपण पुढाऱ्यांच्या सभेत 'एवढे टीएमसी, तेवढे टीएमसी' ऐकून बोरं वाटल्यासारखी मान हलवतो.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी इथं बसलो आहे, ती सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपेतच अंगावर आलं. मी तेव्हा पंचविशीच्या आसपास होतो. कापडाची बोचकी घेऊन गेलो, ते पुढं वर्षभर जात-येत राहिलो. नवी गावं वसवायची ठरली, तेव्हा घरांची मापं जमिनीवर ठरली. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. एका संस्थेसाठी ही यादी वाचून दाखवायचं आणि अंगठे घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी होती. नवरा गेला होता, सून गेली होती. एक नातू तेवढा उरला होता. मी यादी वाचली आणि म्हणालो, "माय, तुम्हाला अडीचशे फुटांचं घर मिळणार." 'चौरस' हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही. बोलण्यात आपण तो गाळतोच. तिनं अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी गेलो, तर ती नातवाला घेऊन उघड्या रानात चालत होती. टाचेला अंगठा लावून एकेक पाऊल टाकत होती आणि पोरगं मोजत होतं. मला बघून म्हणाली, "आरं लेकरा, त्या बाभळीपस्तोर झालं बघ अडीचशे. येवढं मोठं घर सरकार कशाला देतंय? आम्ही दोघंच हाव."

मी काय बोललो ते मला आज आठवत नाही. शेजारच्या चुलीतली राख आणली आणि तिच्यासमोर जमिनीवर आखून दाखवलं, पंचवीस फूट लांब, दहा फूट रुंद. ती कडेला उभी राहून बघत राहिली.

"हे किती खणाचं म्हनायचं?"

तिचं पडलेलं घर बारा खणांचं होतं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. त्याचं चौरस फुटांत काय होतं, ते मला सांगता येईना. ती राखेची रेघ न मोडता अलगद आत गेली. मधोमध बसली. एका कोपऱ्याकडे हात करून नातवाला म्हणाली, "चूल हितं." मग दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत तिनं विचारलं, "आन् म्हस कुठं बांधायची रं, लेकरा?"