आयटीआयला निघालेल्या मुलांसाठी चार शब्द

(रौप्यमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहाच मिनिटं दिली आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. यंदा आपल्या सोसायटीतली तीन मुलं आयटीआयला चालली आहेत. एक फिटर, एक वेल्डर आणि आपली एक मुलगी इलेक्ट्रिशियन. त्यांच्या घरून पेढे काही आले नाहीत. जिन्यात एक वडील भेटले, ते खालच्या आवाजात म्हणाले, ''मार्क कमी पडले हो, म्हणून...'' आवाज खाली कशाला? उन्हाळ्यात रात्री आपला पंप जळला, तेव्हा चारही मजल्यांवरचे आम्ही पदवीधर बादल्या घेऊन कोणाची वाट बघत होतो, आठवतंय ना?

मी कॉमर्सचा माणूस. यंत्रातलं मला कळत नाही. पण 1993 साली पंतप्रधान रोजगार योजना आली आणि जिल्हा उद्योग केंद्राकडून अर्जांचे गठ्ठे आमच्या शाखेत येऊ लागले. आयटीआय झालेली मुलं वेल्डिंग मशीनसाठी, मोटार रिवाइंडिंगसाठी कर्ज मागायला यायची. प्रमाणपत्रं सगळ्यांची सारखीच. मी एकच विचारायचो, ''खिडकीचं एक ग्रिल करायला खर्च किती येतो?'' बहुतेक जण दुकानदारानं दिलेलं कोटेशन पुढे सरकवायचे. एकानं मात्र उलट मलाच विचारलं, ''साहेब, खिडकीचं माप काय? पट्टी कापताना वाया जाते ती धरायची का?'' आणि खिशातून वही काढली. वर्कशॉपमध्ये बिघडलेला प्रत्येक जॉब त्यानं त्यात लिहून ठेवला होता. कुठे चुकलं, सर काय म्हणाले, रॉड किती लागले, सगळं. त्याची केस करताना मला फार विचार करावा लागला नाही. पुढे हप्तेही वेळेवर आले.

तेव्हा मुलांनो, अशी वही ठेवा. जर्नल सरांना दाखवायला असतं, ही वही तुमची. फिटरला सुरुवातीला नुसतं घासकाम असतं. कानस चालवून तळहाताला फोड येतात, कंटाळा येतो, मग मित्राचा जॉब आपला म्हणून दाखवायचा मोह होतो. तो टाळा. व्हर्निअरवर 0.02 मिलिमीटरचा फरक दिसतो, पण तो हाताला जाणवायला महिने जातात, आणि ते महिने आयटीआयमध्येच फुकट मिळतात. इलेक्ट्रिशियन ताईंनाही सांगतो, मोटार उघडलीत तर जुनं वाइंडिंग काढण्याआधी वेढे मोजा, तारेचा गेज लिहा. हे मला एका रिवाइंडिंगवाल्या खातेदारानं सांगितलेलं! ड्रॉइंगच्या तासाला मागच्या बाकावर बसू नका. नकाशा वाचता येणाऱ्याला साहेब स्वतः हाक मारतो.

नंतर अप्रेंटिसशिप. 1961 च्या कायद्यानं ती सोय झाली आहे. विद्यावेतन किती हे विचाराच, पण मशीन कोणती आणि शिकवणार कोण हे आधी विचारा. वर्षभर एकाच मशीनवर ठेवलं, किंवा झाडू आणि चहाच हातात दिला, तर गप्प बसू नका. सुपरवायझरला नम्रपणे सांगा, नाही ऐकलं तर लेखी द्या. बँकेत आम्ही तेच करायचो, कागद बोलतो.

पालकांसाठी एवढंच. फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि ते पास झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्यामुळे ''आता पुढचं शिक्षण संपलं'' असं मुलांसमोर बोलू नका. वायरिंगची कामं स्वतः घ्यायची असतील तर सरकारी परवाना लागतो, त्याचे कागद पास झाल्याबरोबर करून टाका. पुढे ढकललं की राहतं.

धंद्याचा हिशेब, कर्जाचा अर्ज शिकायचा असेल तर रविवारी सकाळी दहानंतर माझ्याकडे या. लिफ्ट बंद असली तर जिन्यानं या, तुमचे गुडघे अजून चांगले आहेत.