अडकलेली अँटेना कशी सुटली?
युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘ज्यूस’ हे यान गुरूच्या बर्फाच्छादित चंद्रांच्या अभ्यासासाठी १४ एप्रिल २०२३ रोजी झेपावले. परंतु बर्फाखाली ९ किलोमीटरपर्यंत वेध घेऊ शकणाऱ्या ‘राइम’ या रडारची १६ मीटर लांबीची, घडी घातलेली अँटेना पूर्ण उलगडेना. यानावरील कॅमेऱ्याची छायाचित्रे अभ्यासून, एक छोटी खीळ अडकली असावी असा अंदाज अभियंत्यांनी बांधला आणि यानाला इंजिनाद्वारे हादरे दिले, तसेच अँटेनेला सूर्याची ऊब मिळेल अशा रीतीने यान वळवले. अखेर १२ मे रोजी अँटेनेच्या पकडीतील प्रवर्तक, म्हणजे आज्ञा मिळताच यांत्रिक धक्का देणारा भाग, चालवताच खीळ काही मिलिमीटर सरकली, आणि दुसऱ्या प्रवर्तकाने अँटेना पूर्ण उलगडली. जिथे दुरुस्तीसाठी माणसाचा हात पोहोचत नाही, तिथे बारकाईचे निरीक्षण आणि टप्प्याटप्प्याने केलेला संयमी प्रयत्न हीच विज्ञानाची खरी शक्ती ठरते.