पहिला नारळ कोणाचा?

(वसई तालुक्यातील एका गावी, जत्रेच्या तयारीसाठी देवीच्या मंडपात भरलेल्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



आमंत्रण देणाऱ्यांनी आम्हास सांगितले की, मास्तर, जत्रेच्या शिस्तीवर चार शब्द बोला. शिस्तीवर बोलण्याची आम्हास रोजचीच सवय आहे. परंतु आज बोलावयाचे ते शिस्तीवर नव्हे, भांडणावर, आणि त्या भांडणात आमच्या घराचाही हात आहे हे आधीच कबूल केलेले बरे.

गेल्या साली पालखी देवळाच्या पायरीवर अडली ती अडलीच. एका घराण्याचे म्हणणे, पुढचा उजवा खांदा आमचा. दुसऱ्याचे म्हणणे, पहिला नारळ फुटल्याखेरीज पालखी उठत नाही, आणि तो नारळ आमचा. हे दुसरे घराणे म्हणजे आम्हीच. पोलीस आले, दोन्हीकडची नावे लिहून घेतली, आणि देवी आतच राहिली. यंदा दोन्हीकडून वकिलांच्या नोटिसा सुटल्या आहेत. दोन्ही घरची मुले आमच्या वर्गात एका बाकावर बसत. आता मध्ये दप्तरांची भिंत असते. त्यातल्या एकाने परवा विचारले, "गुरुजी, मान म्हणजे काय हो? तो ठेवतात कुठे?" पोराला उत्तर देता येईना, म्हणून आम्ही घरची पेटी उघडली आणि वकील मित्राकडून कायद्याचेही थोडे वाचून घेतले.

दोन्ही नोटिशीत एक शब्द सारखा आहे: 'अनादि काळापासून'. बंधूंनो, आपण वसईचे लोक. आपल्या तोंडी हा शब्द शोभत नाही. १५३४ साली वसई फिरंग्यांकडे गेली, आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. मधली दोनशे पाच वर्षे या पट्ट्यात देवळे उभी राहू दिली नाहीत. होती तीही पाडली. तेव्हा कोणती पालखी निघत होती आणि कोणाचा खांदा लागत होता? आजची बहुतेक देवळे त्यानंतरची. ज्यांनी पहिले चार वासे उभे केले, तेलाला पैसे दिले, रात्री राखण केली, त्यांना गावाने नारळ दिला. म्हणजे मान अनादि नव्हे, तो कामाचा मोबदला होता. काम करणारे गेले, मोबदला मात्र वंशपरंपरेने चालू राहिला!

आता कायदा पाहा. दिवाणी व्यवहार संहिता १९०८ सालची. तिच्या नवव्या कलमात म्हटले आहे की, मालमत्तेचा किंवा पदाचा हक्क असेल तर तो धर्मविधीवर अवलंबून असला तरी कोर्ट तो दावा ऐकेल. परंतु नुसत्या मानाचे काय? तमिळ मुलखातील आळ्वार तिरुनगरीच्या देवळात तीर्थाच्या मानावरून वाद लागला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली निकाल झाला की, केवळ मानपानाचा दावा दिवाणी कोर्टात चालणार नाही. देवळातील पदाचा हक्क सांगा, आणि मान त्या पदाला जोडलेला असेल तर तेवढ्यापुरते ऐकू. साध्या मराठीत सांगावयाचे तर कोर्ट विचारते, "बाबा, देवळात तुझे काम कोणते?" आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. खांदेकऱ्यांकडेही नाही. वर्षातून एक दिवस खांदा देणे हे काम असेल, तर लग्नात जेवणे हीही नोकरीच म्हणावी लागेल.

पंढरपूरची गोष्ट या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे. तेथे विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, आणि त्याखेरीज सात सेवाधारी घराणी: पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. एकाने पूजा करावी, एकाने मंत्र म्हणावे, एकाने पाणी आणावे, एकाने पदे गावी, एकाने देवाला आरसा दाखवावा, एकाने दिवटी धरावी, एकाने दंड घेऊन उभे राहावे. नावातच काम आहे, पाहा. प्रारंभी व्यवस्था सरळच असावी. परंतु पुढे देवापुढे बसून ओवाळणी गोळा करण्याचा हक्क बडव्यांत लिलावाने जाऊ लागला. ज्याची बोली मोठी त्याचा तो दिवस. मग बोलीचे पैसे वसूल करावयाचे कोणाकडून? पायी चालत आलेल्या वारकऱ्याकडून! याच देवळाचे दार अस्पृश्य बंधूंना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. १९६८ साली सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, १९७३ साली कायदा झाला, वंशपरंपरेचे हक्क रद्द झाले. झाले म्हणजे कागदावर. बडवे-उत्पात कोर्टात गेले, आणि शेवटचा निकाल लागला जानेवारी २०१४ मध्ये. एक्केचाळीस वर्षे! कायद्याच्या वर्षी जन्मलेले पोर निकालाच्या दिवशी बाप झालेले असेल. त्याच साली मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले.

त्या दिवशी आपल्या गावात पेढे वाटले गेले होते. बरोबरच होते. बहुजनसमाजाच्या मानेवरचे एक जुने जोखड उतरले होते. त्याही आधी, गावजोशाला न बोलावताच लग्न लावले तरी तो दक्षिणेचा दावा लावी. ओतूरचा तसला खटला जोतीराव फुल्यांच्या हयातीत गाजला, आणि सीताराम केशव बोले यांनी कायदेमंडळात खटपट केली तेव्हा १९२६ च्या कायद्याने त्या हक्काला आळा बसला. हे सारे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. परंतु काम न करता दक्षिणा मागणारा जोशी आणि वर्षभर देवळाकडे न फिरकता पहिला नारळ मागणारे आमचे घर, यांत फरक कोणता? जोशाजवळ निदान पंचांग तरी होते!

आता पेटीतले. आमच्या आजोबांनी याच नारळासाठी दावा लावला होता. कैफियती, साक्षी, नकला, तारखा, सगळे कागद पडून आहेत. बैलगाडीने स्टेशन, तेथून आगगाडी, पुन्हा रात्री परत. एका तारखेस विरुद्ध पक्षाचे वकील आजारी, दुसऱ्या तारखेस आपलेच. खाडीकडची दोन खाचरे त्यात गेली. आजीच्या पाटल्या गेल्याची चिठ्ठीही कागदांत आहे, सावकाराच्या हातची. निकाल दोन ओळींचा: वादीचे कोणतेही पद शाबीत होत नाही, दावा खर्चासह रद्द. लहानपणी आम्हास सांगण्यात आले होते की आजोबा दावा जिंकले! त्या गेलेल्या खाचरांवर आज चार मजली इमारत आहे, तिच्यात आम्ही भाड्याने राहतो. हसू नका, खरेच राहतो.

आणि भांडण आताच का पेटले तेही बोलून टाकू. पूर्वी तबकात नाणी पडत. विरारची वस्ती वाढली तशा नोटा पडू लागल्या. नारळ फोडणाऱ्याच्या शेजारी तबक असते. एवढे पुरे.

आपल्या गुरवाला मुलगा नव्हता. तो वारल्यापासून त्याची मुलगी रोज पहाटे गाभारा झाडते, पाणी भरते, दिवा लावते. पावसाळ्यात छप्पर गळे तेव्हा देवीवर घमेले धरून बसलेली आम्ही तिला पाहिली आहे. कोर्टाचा "काम कोणते" हा प्रश्न तिला विचारला तर ती सांगता सांगता दमेल. पुजारीपणाचा वारसा स्त्रीकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच मान्य केले आहे. तिने दावा लावलेला नाही. तिला पालखीच्या दिवशी मागे उभे करतात, कारण पुढे मानकऱ्यांची गर्दी असते.

देवस्थानच्या विश्वस्तांना आमचे सांगणे की, कोणाचे काम कोणते ते घटनेत लिहा, ठराव करून धर्मादाय कार्यालयात नोंदवा. खांदा पाळीने द्या. वर्षभर जो टाकी धुईल, तेल आणील, त्याची पाळी आधी. तबक कुलूपबंद पेटीत ओता आणि हिशेब या भिंतीवर लावा. आमच्या नावाने गेलेल्या नोटिशीवर आमची सही आहे; ती आम्ही लेखी परत घेत आहो, कागद अध्यक्षांपुढे ठेवला आहे. यंदाचा पहिला नारळ गुरवाच्या लेकीच्या हाती द्यावा, अशी आमची सूचना आहे. आमच्या चुलत भावांची तिला संमती नाही. ते समोरच बसले आहेत. त्यांनी उठून बोलावे.