रिकामी बंदूक



कामगार संघटनेतल्या माणसाने या व्यासपीठावरून बंदुकीविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी शिकारी नाही, सैनिकही नव्हतो. शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या वस्तीत आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांत झाले. परंतु जवळजवळ तीस वर्षे मी पहारेकऱ्यांत वावरलो. बँकेच्या दाराशी जो बंदूकवाला आपण पाहतो, त्याच्या खांद्यावरची बंदूक पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या परवान्यावरची असते. सुताराचा रंधा तशी ती. पाळी संपली की त्याच्याबरोबर घरी जाते.

१९९८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एका वयस्क सभासदाकडे मी वर्गणीसाठी गेलो होतो. सगळे त्यांना मामा म्हणत. बारा तासांचा पहारा करून ते नुकतेच आले होते. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. बारा बोअरची दुनळी दाराआड उभी. मी ती सहज उचलली. विचारले, "मामा, रिकामी आहे ना?" "रिकामीच आहे हो," ते डोळे मिटूनच म्हणाले. मी नळी इकडून तिकडे फिरवली, वर केली आणि चाप ओढला.

पत्र्याला भोक पडले. खाटेवर त्यांची सहा वर्षांची नात पाटी घेऊन बसली होती. क्षणापूर्वी नळी तिच्यावरून फिरली होती. कानठळ्या ओसरल्यावर तिचे रडणे ऐकू आले, आणि मी मटकन खाली बसलो.

चूक कोणाची? प्रथम माझी. दुसऱ्याच्या शब्दावर बंदूक रिकामी होत नसते. दुनळी मोडून दोन्ही घरांतून आरपार उजेड दिसला तरच ती रिकामी, आणि तीही आपल्या हातात असेपर्यंतच. हातातून खाली ठेवली, पुन्हा उचलली, की पुन्हा उघडून पाहायचे. घेणाऱ्यानेही पाहायचे, देणाऱ्यानेही. यात कोणाचा अपमान नाही. आणि रिकामी असली तरी नळी माणसाकडे करायची नाही, चापावर बोट ठेवायचे नाही.

ठेवण्याविषयी थोडक्यात सांगतो. दाराआड, गादीखाली किंवा कपाटाच्या माथ्यावर या लपवण्याच्या जागा झाल्या, ठेवण्याच्या नव्हेत. मुलांना त्या आपल्याआधी ठाऊक असतात. भिंतीला जखडलेली लोखंडी पेटी हवी, तिला कुलूप हवे, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या मालकाच्या अंगावर. देवघरातल्या खिळ्याला नव्हेत.

आता निगा. आपल्याकडे बंदुकीचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. कातडी किंवा कापडी खोळ ओल धरते, म्हणून खोळ प्रवासापुरतीच. पावसात भिजलेली बंदूक त्याच दिवशी पुसावी. पुसण्याआधी काडतुसे खोलीबाहेर न्यावीत. गजाला चिंधी लावून मागच्या बाजूने नळी साफ करावी, कोरडी करावी, मग तेलाचा पातळ हात द्यावा. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असे मुळीच नाही. ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते, आणि काडतुसाच्या टोपीत शिरले तर ऐन वेळी काडतूस उडत नाही. नळी नेहमी उजेडाकडे धरून पाहावी. कुंभारीण माशीचे मातीचे घर किंवा विसरलेली चिंधी आत राहिली तर नळी फुटू शकते. कोकणात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांनी तर बार काढल्यावर त्याच दिवशी ती गरम पाण्याने धुवावी. काळ्या दारूची राख ओल ओढून लोखंड खाते.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांची बंदूक असेल. परवानाधारक वारल्यावर ती आठवण म्हणून भिंतीवर ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला ती हवी असेल तर त्याने आपल्या नावाने परवाना मागावा.

परंतु मामांची चूक एवढ्यावर संपत नाही. बारा तास उभा राहिलेला माणूस बंदूक उघडून पाहायला विसरतो. पेटीला पैसे लागतात, पुसायला वेळ लागतो. आम्ही मालकाकडे गेलो. तो म्हणाला, "बंदूक त्याच्या परवान्यावरची, जबाबदारी त्याची." आम्ही म्हणालो, "कबूल. पण आपण नुसता माणूस ठेवलेला नाही, बंदुकीसकट ठेवला आहे. तिच्यावाचून त्याला ही नोकरी दिली असती का?" तीन बैठकांनंतर पेट्या मिळाल्या. पाळीच्या शेवटी बंदूक रिकामी करून पुसण्यासाठी पगारी पंधरा मिनिटे मिळायला आणखी दोन वर्षे लागली. पगारवाढीच्या कितीतरी लढाया मी लढलो. त्या पंधरा मिनिटांइतके समाधान मला थोड्याच लढायांनी दिले.

मामा आज नाहीत. पत्र्याचे ते भोक त्यांनी शेवटपर्यंत बुजवले नाही. पावसात खाली पातेले ठेवत, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक तरुण पहारेकऱ्याला ते भोक दाखवीत. माझे आजचे व्याख्यान म्हणजे तेच बोट दाखवणे आहे. "रिकामीच आहे" असे कोणी म्हणेल, तेव्हा आधी उघडून पाहा.