आकडा वाचण्याचे शिक्षण
(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



खोपोलीहून लोकलने नोकरीला जाणारा आणि रात्री परतल्यावर पुस्तक उघडणारा एखादा पदवीधर व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठी जीमॅट देतो. परीक्षा संपताच पडद्यावर आकडा उमटतो, ६४५. मावसभावाला २०१९ साली ७०० मिळाले होते, हे घरात सर्वांना पाठ असते. त्या रात्री ताटावर कोणी बोलत नाही.

वस्तुतः हे दोन्ही आकडे जवळपास एकाच योग्यतेचे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये परीक्षेची नवी आवृत्ती आली. २०० ते ८०० ही पट्टी जाऊन २०५ ते ८०५ अशी पट्टी आली, आणि जुने ७०० हे नव्या ६४५ च्या तोडीचे, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच सांगितले. पट्टीची टोके जवळजवळ तीच ठेवून आतले माप बदलायचे, हा व्यापारी शहाणपणा सामान्य घराला कसा कळावा? म्हणून आकड्याआधी पर्सेंटाइल पाहावे.

आता खरोखरच कमी गुण पडले असतील तर? आपल्याकडचा विद्यार्थी ज्या परीक्षांत वाढतो, तेथे त्याला एकच युक्ती शिकवलेली असते : सोपे आधी सोडवा, अवघड मागे ठेवा. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेथे ही युक्ती चालते. जीमॅटमध्ये मात्र उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्नच येत नाही, आणि तो आधीच्या उत्तरांवरून ठरतो. बरोबर उत्तर दिले की अवघड, चुकले की सोपा. त्यामुळे हुशार मुलाचेही पुष्कळ प्रश्न चुकतात, आणि बाहेर पडताना पेपर कसा गेला याचा त्याचा अंदाज फसतो. गणिताच्या २१ प्रश्नांना ४५ मिनिटे असतात. एका प्रश्नाशी सात-आठ मिनिटे झुंजत बसले की शेवटचे प्रश्न कोरे राहतात, आणि कोऱ्या प्रश्नांचा भुर्दंड मोठा असतो. अशा वेळी उणीव बहुधा बुद्धीची नसते. ती या यंत्रासमोर बसण्याच्या सवयीची असते, आणि ती सवय शहरात पैसे मोजून विकत मिळते.

याच कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यपेढ्या काढल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, हे दरवर्षी सांगितले जाते. शाळांविषयी फारसे कोणी बोलत नाही. आज एखाद्या वाचनालयात एक बरा संगणक ठेवता आला, तरी काम पुढे जाईल. जीमॅटच्या दोन पूर्ण सराव-परीक्षा अधिकृतरीत्या विनामूल्य मिळतात. त्या घड्याळ लावून द्याव्यात आणि वेळ कुठे गेला ते कागदावर मांडावे. सोळा दिवसांनी पुन्हा बसता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. पण फी दर खेपेस नव्याने भरावी लागते. तेव्हा ‘पुन्हा दे’ असे सहज सांगणाऱ्या कार्यकर्त्याने त्या घरचा जमाखर्च आधी विचारावा. आणि हे सारे निकालाच्या रात्री काढू नये. त्या रात्री मुलाला जेवू द्यावे.